माहीत नसताना दिलेले उत्तर

गेल्या पावसाळ्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात धानाची रोवणी चालू असताना, एका दुपारी एका मुलीने आम्हांस प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्ही तत्काळ दिले आणि त्यानंतर कित्येक दिवस ते उत्तर आमच्या मनात सलत राहिले.

मुलगी बारावीत शिकते. गाव जंगलाला लागून. वकील होण्याचा तिचा निर्धार आहे. गावात मोबाईलला नेटवर्क धड मिळत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा ती आमच्या कार्यालयातील संगणकावर सराव चाचणी सोडविते आणि वाघाच्या भीतीने अंधार पडण्यापूर्वी घर गाठते. राज्य शासनाची विधी प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, संगणकावरच होते. प्रश्न मराठीतही असतात, हा आमच्या मुलांना मोठाच आधार. मात्र आयुष्यभर कागदावर लिहिलेल्या हाताला माऊसची आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलट्या धावणाऱ्या घड्याळाची सवय करावी लागते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. शिकवणीचे सर सांगतात, एकही प्रश्न रिकामा सोडू नका. मुलगी म्हणाली, "फादर, माहीत नसताना उत्तर दाबायचं, म्हणजे खोटं बोलणंच झालं ना?"

आम्ही हसलो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड नव्हे. संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषणावर दोन ग्रंथ लिहिले. पहिला सुमारे ३९५ साली. फसविण्याच्या हेतूने मनात एक ठेवून ओठांवर दुसरे आणणे हे त्यांच्या विवेचनाचे सार. परीक्षेत कोण फसतो? उमेदवार अंदाज करणार हे परीक्षकाला आधीच ठाऊक असते. नियम त्यानेच केलेला. यंत्रापुढे 'मला ठाऊक नाही' असा पर्यायच नसतो. तेव्हा बाळ, निःशंक मनाने दाब, असे आम्ही सांगितले. किंबहुना हिशेबही मांडून दाखविला. चार पर्यायांच्या सोळा प्रश्नांवर डोळे मिटून उत्तरे दिली तर सरासरीने चार बरोबर येतील. सीईटीत ते चारही गुण पदरी पडतात. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे तर क्लॅट द्यावी लागते. ती इंग्रजीतून असते आणि चुकीला पाव गुण कापते. तेथेही चारांतून बारा चुकांचे तीन वजा जाता एक गुण उरतोच.

मुलीने हिशेब उतरवून घेतला आणि मग आजोबांची गोष्ट सांगितली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांच्या कुटुंबाने जंगलालगतच्या एका तुकड्यावर दावा केलेला आहे. हे लोक आदिवासी नव्हेत. अशांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून घेता येतो, ही कायद्यातील मोठी शहाणपणाची तरतूद आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली अठराशे हेक्टरांवरील जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो याच कायद्याने. तर शेजाऱ्याच्या दाव्यासाठी आजोबांचा जबाब घेताना कोणीतरी सुचविले, अमुक साल सांगा, काम होऊन जाईल. आजोबा म्हणाले, "आठवते तेवढंच सांगतो जी. साल मले ठाऊक नाही." शेजाऱ्याचा दावा अडून राहिला. पुढे मुलीच्या घरच्या दाव्यासाठी जबाब द्यायला तो शेजारी उभा राहिला नाही.

"आजोबांनी अंदाज सांगितला असता तर काय बिघडलं असतं?" एवढे विचारून ती सायकल काढून निघून गेली.

येथे आमचा ऑगस्टीन अपुरा पडला. आजोबांनी साल सांगितले असते तर तेही कदाचित असत्य ठरले नसते. ते साल खरेही असू शकले असते. मग त्यांनी काय राखले? उत्तर आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे सापडले, तेही असत्याच्या प्रकरणात नव्हे. 'सुम्मा'मध्ये उतावीळ निर्णयाचा विचार त्यांनी न्यायाच्या प्रकरणात केला आहे. संशयित गोष्टीवर निश्चिततेचा शिक्का मारणे हा त्यांच्या मते न्यायाला बाधा आणणारा दोष होय. सालाच्या त्या आकड्यावर उद्या कोणीतरी जमिनीचा निवाडा करणार होते, आणि तो आकडा अंदाज आहे हे त्याला कळणार नव्हते. ज्या कायद्याचे शिक्षण घ्यायला ही मुलगी निघाली आहे, त्याच्या साक्षीच्या नियमाचा पायाही हाच: साक्षीदाराने स्वतः पाहिले, ऐकले तेवढेच सांगावे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला, तरी हा पाया हललेला नाही. गंमत पाहा, त्या विद्येच्या दारावर मात्र आजोबांना प्रवेश मिळाला नसता.

तथापि प्रत्येक अंदाज वाईट असेही म्हणवत नाही. क्लॅट त्या काळी संगणकावर होत असे. १३ मे २०१८ च्या परीक्षेत अनेक केंद्रांवर यंत्रे अडली आणि मुलांची मिनिटे वाया गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मिळालेल्या वेळात विद्यार्थ्याने किती उत्तरे बरोबर व किती चूक दिली, यावरून वाया गेलेल्या वेळातील गुण काढून द्यावेत, अशी भरपाई ठरली. म्हणजे मुलांनी जी उत्तरे दिलीच नव्हती त्यांचा न्यायालयाने अंदाज केला! परंतु तो उघडपणे, सूत्र सर्वांपुढे ठेवून. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहिला गेला.

आमच्या स्वतःच्या हातून मात्र असे नेहमी घडलेले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सेमिनरीत एका तोंडी परीक्षेत न वाचलेल्या ग्रंथावर आम्ही दहा मिनिटे अस्खलित बोललो. वृद्ध प्राध्यापक म्हणाले, "ग्रंथ ठाऊक नाही, पण भाषा छान आहे," आणि उत्तीर्ण केले. त्या कौतुकाचा आनंद आम्ही बरीच वर्षे जपला. आजारी माणसाच्या उशाशी, घर मोडलेल्या बाईपुढे, 'ठाऊक नाही' म्हणावयाच्या जागी ती छान भाषा आम्ही किती वेळा वापरली असेल, याचा हिशेब ठेवलेला नाही.

पुढच्या खेपेस मुलगी आली तेव्हा तिला एवढेच सुचविले, की सराव चाचणीत अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तराचा क्रमांक वहीत लिहून त्यापुढे ठिपका द्यावा. एकही प्रश्न रिकामा सोडू नये, गुण सोडू नयेत. मात्र दोन आकडे मांडावेत, गुण किती आणि त्यांतील ठिपक्यांचे किती. पहिल्या दिवशी ७१ गुणांत १८ ठिपके निघाले. ते पाहून ती हिरमुसली. आता ती आधी ठिपक्यांचे प्रश्न उघडून बसते, बरोबर आलेलेसुद्धा.

परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. आजोबांच्या घरचा दावाही प्रलंबित आहे. मध्यंतरी एकदा वही पाहताना शेवटच्या पानावर त्यांच्या दाव्याची टाचणे दिसली. जमिनीचा तुकडा, विहीर, मोहाची झाडे, पणजोबांचे नाव, असे एकाखाली एक लिहिलेले होते. गावात आल्याच्या सालापुढे तिने ठिपका दिला होता.