पंधरा डॉलरांची नळी

१७ डिसेंबर १९४० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जमलेल्या वार्ताहरांना एक गोष्ट सांगितली. गोष्ट इतकी साधी की चौथीच्या वाचनपुस्तकात सहज शोभावी. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे. माझ्यापाशी बागेला पाणी घालायची लांब नळी आहे. ती त्याच्या नळाला जोडली तर आग विझेल. अशा वेळी ‘या नळीला मला पंधरा डॉलर पडले आहेत, ते आधी मोजा’ असे का मी म्हणत बसेन? मला पंधरा डॉलर नकोत. आग विझली की माझी नळी मला परत मिळावी, म्हणजे झाले.

शेजारी म्हणजे अर्थातच इंग्लंड. फ्रान्स पडून सहा महिने होत आले होते. लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते आणि इंग्लंडच्या तिजोरीतले डॉलर संपत आले होते. अमेरिकेचा तोवरचा कायदा किराणा दुकानदाराचा होता. रोख पैसे मोजा, माल उचला, आपल्याच गाडीतून न्या. नळीच्या गोष्टीने तो कायदा मोडीत काढला. ११ मार्च १९४१ रोजी ‘लेंड-लीज’चा, म्हणजे शस्त्रांच्या उसनवारीचा, कायदा झाला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे ५० अब्ज डॉलरांचा माल अमेरिकेबाहेर गेला.

पण तो कायदा सुखासुखी झाला नाही. सेनेटर टॅफ्ट म्हणाले, लढाईचे सामान उसने देणे म्हणजे चघळायचा गोंद उसना देण्यासारखे आहे, तो परत कोणाला हवा असतो? सेनेटर व्हीलर त्याहून पुढे गेले. भाव पडू नयेत म्हणून त्या काळी अमेरिकन सरकारने उभी पिके नांगरून टाकायला लावली होती. व्हीलर म्हणाले, या कायद्याने दर चौथे अमेरिकन पोर तसेच मातीत नांगरले जाईल. रूझवेल्ट फार संतापले. पण व्हीलरांचा सूर कडवट असला तरी प्रश्न खोटा नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत वादविवादासाठी मी हाच विषय ठेवला होता: युद्धात सापडलेल्या देशाला दुसऱ्याने शस्त्रे द्यावीत का? नळीची गोष्ट मुलांना फार आवडली. नववीतली एक मुलगी मात्र उठून म्हणाली, ‘सर, पण नळीने कोणी मरत नाही.’ टॅफ्टसाहेबांना जे सुचले नाही ते तिला सुचले, असे मला वाटते. नळी परत येते की नाही ही किरकोळ गोष्ट. नळीतून पाणी येते, तोफेतून पाणी येत नाही. शस्त्र देणारा आग विझवायला निघालेला असेलही, पण तो माणसे मारण्याचे साधन देत असतो, आणि ते धरून उभा राहणारा माणूस दुसऱ्याच्या घरचा असतो.

हा दुसऱ्याच्या घरचा माणूस जमाखर्चात कुठे लिहायचा? उसनवारीतला सुमारे ११ अब्ज डॉलरांचा माल सोव्हिएट रशियाला गेला. त्यात ट्रक आणि जीप मिळून ४ लाखांच्या घरात गाड्या होत्या, विमाने होती, बूट होते, मांसाचे डबे होते. त्या गाड्यांवाचून रशियन फौज बर्लिनच्या वाटेवर इतक्या वेगाने धावली नसती, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. आता दुसरे पान उलटा. त्या युद्धात सोव्हिएट देशातली सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. अमेरिकेची गेली ४ लाखांच्या आसपास. ११ अब्जांचा आकडा अमेरिकन वहीत खर्चाच्या बाजूला मांडलेला आहे. या २ कोटी ७० लाखांना त्या वहीत रकानाच नाही. अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, पण एवढे दिसायला पदवी लागत नाही.

तोच वाद ऐंशी वर्षांनी अमेरिकेत पुन्हा पेटला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली. आपल्याकडे ते युद्ध दोन वाटांनी घरात आले. तिथे डॉक्टरी शिकणारी हजारो भारतीय मुले जिवाच्या आकांताने सरहद्द ओलांडून परतली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. आणि सूर्यफुलाचे तेल महागले, कारण तोवर ते आपल्याला सर्वांत जास्त युक्रेनच पुरवीत असे. चकलीचा घाणा काढताना कढईत किती तेल ओतावे याचा हिशेब त्या वर्षी पुष्कळ घरांतून झाला.

या युक्रेनची एक जुनी कथा आहे. सोव्हिएट संघ फुटला तेव्हा त्याच्या भूमीवर सुमारे १९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रे राहिली होती. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा. त्यांच्या किल्ल्या मॉस्कोत होत्या हे खरे, पण शस्त्रे युक्रेनच्या अंगणात होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टला करार झाला. युक्रेनने ती सारी सोडायची आणि रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखायचा. करारात ‘हमी’ हा शब्द घालू दिला नाही, ‘आश्वासन’ घातले. भाषेच्या मास्तराला या दोन शब्दांतले अंतर कळते. हमीवर वसुली करता येते, आश्वासनावर फक्त आठवण करून देता येते. सही करणाऱ्यांपैकी एकाने २०१४ साली क्रिमिया घेतला. म्हणून युक्रेनला मिळालेल्या मदतीला ‘दान’ म्हणताना माझी जीभ अडखळते. तिच्यात थोडी परतफेडही होती.

मदत झाली, नाही असे नाही. पण ती कशी झाली पाहा. चढाईच्या आधी महिनाभर जर्मनीने ५००० शिरस्त्राणे देऊ केली, तेव्हा कीव्हच्या महापौरांनी विचारले, आता पुढे उशा पाठवणार काय? जर्मनीचा संकोच अगदीच पोकळ नव्हता. जर्मन रणगाडे त्याच मातीत पूर्वी एकदा फिरले होते. रणगाड्यांना होकार मिळाला जानेवारी २०२३ मध्ये. एफ-१६ विमाने आधी नको, मग पाहू, मग देऊ असे करीत ऑगस्ट २०२४ मध्ये पोचली. अमेरिकन काँग्रेसपुढे सुमारे ६१ अब्ज डॉलरांची मागणी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि मंजूर झाली एप्रिल २०२४ मध्ये. मधल्या सहा महिन्यांत आवदीव्का हे शहर पडले. सैनिकांना तोफगोळे मोजून वापरावे लागत होते, काँग्रेसने काही न केल्याचा हा परिणाम, असे खुद्द व्हाइट हाउसने जाहीर केले. चर्चेला सहा महिने लागले, यात चर्चा करणाऱ्यांचे काहीच गेले नाही. लोकशाहीत चर्चा हवी, हे मी वर्गात शिकवतो. पण चर्चेलाही किंमत पडते आणि ती दर वेळी चर्चा करणाराच भरतो असे नाही, हे पाठ्यपुस्तकात नाही.

सावधपणाला कारण होते, हेही सांगितले पाहिजे. समोरच्यापाशी अण्वस्त्रे आहेत. शेजाऱ्याची आग विझवताना सारा गाव पेटू नये, ही भीती भ्याडपणाची म्हणता येणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बुडू नये इतके द्यायचे, तरून जावे इतके द्यायचे नाही, असे माप ज्याने ठरवले त्याने ते मोकळेपणाने सांगायला हवे होते. ज्याला खंदकात उभे राहायचे आहे त्याला तो हिशेब कळण्याचा हक्क आहे.

मदतीच्या बाजूने जी भाषणे झाली, त्यांतला एक मुद्दा मला विरोधकांच्या सगळ्या मुद्द्यांहून अधिक बोचला. कित्येक अमेरिकन पुढारी म्हणाले, हा तर स्वस्तातला सौदा आहे. आपला एकही सैनिक न गमावता रशियाचे लष्कर खिळखिळे होते आहे, शिवाय यातला बराचसा पैसा अमेरिकेतच राहतो. ही दुसरी गोष्ट खरी आहे. जुनी शस्त्रे तिकडे गेली, नवी इकडे घडवली गेली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावच्या कारखान्यात तोफगोळ्यांचे काम वाढले. मते मिळवायला हा युक्तिवाद चोख आहे. पण ‘आपला एकही न गमावता’ या शब्दांतला ‘आपला’ जरा मोठ्याने वाचून पाहा. कोणाचा तरी गमावला जातोच आहे, आणि तो या हिशेबात नफ्याच्या बाजूला पडला आहे.

इथे मला रुक्मी आठवतो. विदर्भाचा राजा, आपल्याच भागातला म्हणायचा. भारतीय युद्धाच्या आधी तो अक्षौहिणी घेऊन पांडवांच्या छावणीत आला आणि भर सभेत अर्जुनाला म्हणाला, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुन हसला. भ्यालो कधी होतो, तू राहा नाहीतर जा, म्हणाला. मग रुक्मी दुर्योधनाकडे गेला, त्यानेही घेतले नाही. सात आणि अकरा अक्षौहिणींच्या त्या युद्धात एक अख्खी अक्षौहिणी नको म्हणून परत गेली! सैन्य कमी दर्जाचे होते म्हणून नव्हे. रुक्मीला मदत करायची नव्हती, मदत करताना दिसायचे होते, आणि कोणाच्या बाजूने हे त्याला सारखेच होते.

मदत देऊच नये म्हणणाऱ्यांकडेही सबळ पुरावा आहे, आणि तो आपल्याला परका नाही. १९५४ साली अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत द्यायचे ठरवले, हेतू कम्युनिझमला आवर घालण्याचा. आयसेनहॉवरांनी नेहरूंना लिहून कळवले की या मदतीचा आक्रमणासाठी दुरुपयोग झाला तर आपण कारवाई करू. सप्टेंबर १९६५ मध्ये तेच पॅटन रणगाडे खेमकरणच्या उसाच्या शेतांतून आपल्यावर चालून आले. अब्दुल हमीद तिथेच पडले. अमेरिकेने मग दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकच शिक्षा, जसे काही मास्तर वर्गात करतात. आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, १९६२ च्या नोव्हेंबरात, नेहरूंनी केनेडींकडे तातडीची लष्करी मदत मागितली होती, आणि आपल्या आयाबाया अंगावरचे दागिने संरक्षण निधीत टाकत होत्या. घेणारे आपण झालो आहोत, दुसऱ्याला दिलेल्या शस्त्रांचे लक्ष्यही झालो आहोत. १९७१ साली मुक्तिवाहिनीच्या हाती शस्त्रे दिली तेव्हा देणारेही झालो. इतके सगळे अनुभव असलेल्या देशात या प्रश्नावर एवढी थोडी चर्चा व्हावी, याचे मला नवल वाटते.

नकाराचाही एक मोठा नमुना आपल्या घरचा आहे. रूझवेल्टांच्या गोष्टीच्या बरोबर दोन महिने आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे युद्धाविरुद्ध बोलायला उभे राहिले. गांधीजींनी निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. सांगणे थोडके होते: ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांची वा पैशांची मदत करणे चूक आहे, युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच झाला पाहिजे. चारपाच दिवसांत सरकारने त्यांना पकडले. युद्ध एकच, मागणारा देशही एकच, आणि एकाच हिवाळ्यात वॉशिंग्टनने ‘द्या’ म्हटले व पवनारने ‘देऊ नका’ म्हटले. हिटलरच्या छळछावण्यांत काय चालले होते हे आज ठाऊक असताना पवनारचे उत्तर मला पुरे पडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण विनोबांनी नकाराची किंमत स्वतः भरली. तुरुंगात दुसऱ्या कोणाला पाठवले नाही. २०२३ साली ‘शस्त्रे दिल्याने युद्ध लांबते, म्हणून देऊ नका’ असे जे सुरक्षित खुर्च्यांवरून सांगत होते, त्यांच्या नकाराची किंमत खारकीव्हच्या तळघरात झोपणाऱ्यांना भरायची होती. युद्ध लांबते हे खरे असेल. पण लढाई थांबवावी की लढावी हे त्या तळघरातल्या माणसाने ठरवायचे. त्याच्या हातून शस्त्र काढून घेऊन ते ठरवून टाकणे म्हणजे शांतता नव्हे.

राहिली नळी परत करण्याची गोष्ट. युद्ध संपताच १९४५ च्या ऑगस्टात ट्रूमन यांनी उसनवारी एका फटक्यात बंद केली. इंग्लंडच्या तोंडचे पाणी पळाले. केन्ससारखा अर्थपंडित कर्ज मागायला वॉशिंग्टनला गेला. ३ अब्ज ७५ कोटी डॉलर दोन टक्के व्याजाने मिळाले आणि त्याचा अखेरचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात भरला. कर्ज काढणाऱ्या सरकारातले बहुतेक मंत्री तोवर कधीच देवाघरी गेले होते. पंधरा डॉलर नकोत म्हणणाऱ्याच्या मागून पंधरा डॉलर मागणारा येतो, असे दिसते. ३० एप्रिल २०२५ रोजी युक्रेनने आपल्या खनिजांविषयी अमेरिकेशी करार केला. मागची सारी मदत कर्ज धरावी ही मागणी अखेरच्या मसुद्यातून गळली, हे त्यातले बरे. घर जळत असताना मात्र तळघरात काय पुरले आहे याची विचारणा झालीच.

वादविवाद संपल्यावर मुलांनी मला घेरले. सर, तुम्ही तिथे असता तर काय केले असते? मास्तरांनी अशा वेळी दोन्ही बाजू सांगून सुटका करून घ्यायची असते. मी सांगितले, त्या एप्रिलमध्ये ६१ अब्जांसाठी मी हात वर केला असता. मात्र माझ्या बाजूच्या एखाद्या सभासदाने भाषणात ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारला असता, तर उठून बाहेर गेलो असतो. आणि मतदानाची घंटा झाल्यावर परत येऊन हात वर केला असता.