वृद्धांची सेवा आणि वृद्धांची इच्छा

दसरा आटोपला कीं आमच्या बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें अर्धीं ओस पडतात. नवराबायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल फेडण्यासाठीं असे हजारों कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मागें राहतात म्हातारीं माणसें. कोणास दिसत नाहीं, कोणास उठवत नाहीं. अशांस आठदहा जणांच्या एखाद्या लहान सेवागृहांत ठेवावें काय? एक पक्ष म्हणतो, आईबापांस परक्याच्या हातीं देणें हा आज्ञाभंग होय. दुसरा म्हणतो, एकटें उपाशी ठेवण्यापेक्षां तें बरें.

वाचकहो, वधस्तंभावरून प्रभूनें आपली माता एका शिष्याच्या स्वाधीन केली, व त्यानें तिला आपल्या घरीं नेलें. म्हणून स्वाधीन करणें हेंच पाप, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु देवास अर्पण केल्याच्या सबबीवर आईबापांचें देणें चुकविणाऱ्यांस त्याच प्रभूनें कठोर दोष दिला. स्वाधीन करणें निराळें, टाकणें निराळें. स्वाधीन करणारा पुन्हां पुन्हां विचारपूस करितो. टाकणारा तोंड चुकवितो.

तथापि घर कोणाचें, यापेक्षां मोठा प्रश्न हा कीं, सेवा कोणाच्या इच्छेनें चालावी? येथें आम्हीं आपलाच दोष सांगितला पाहिजे. आमच्या मातोश्री थकल्या तेव्हां आम्हीं त्यांच्या पुढचें ज्वारीचें सूप काढून घेतलें व ‘आतां तुम्ही स्वस्थ बसा’ असें म्हटलें. त्या बसल्या, पण त्या दिवसापासून त्यांचें बोलणेंहि थांबलें. कांहीं महिन्यांनीं आमच्या कुटुंबानें तें सूप पुन्हां त्यांच्या पुढें ठेवलें. भाकरींत खडे लागूं लागले खरे, परंतु घरांत त्यांचा आवाज परत आला. जिला आम्ही सेवा समजत होतों, ती आमची सोय होती.

आमचे कित्येक कोयते ज्या पुणे जिल्ह्यांत जातात, त्यांतच केडगांव आहे. तेथें पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं उभारलेल्या मुक्तिमिशनांत आंधळ्यांकरितां एक निराळें सदन झालें, त्यास बार्तीमयाचें नांव दिलें. रमाबाईंची कन्या मनोरमा हिनें तेथील आंधळ्या स्त्रियांस ब्रेल लिपी शिकविली. ज्यांस केवळ जेवूं घालून बसवून ठेवणें सोपें होतें, त्यांच्या बोटांस वाचावयास लाविलें. आणि तें नांव तरी किती योग्य! बार्तीमय आंधळा आहे हें सर्वांस दिसत होतें. तरीहि प्रभूनें, त्याला काय पाहिजे, हें आधीं त्यालाच विचारलें.

२००७ सालच्या कायद्यानें समर्थ मुलांवर आईबापांच्या निर्वाहाचा भार घातला आहे, आणि निराधारांकरितां जिल्ह्यास निदान एक वृद्धाश्रम असावा व त्यांत निदान १५० जणांची सोय व्हावी, अशी योजना त्यांत आहे. निराधारांस छप्पर मिळणें ही मोठीच गोष्ट. परंतु दीडशें ताटें एका घंटेवर वाढतां येतात; दीडशें जणांस ‘आज काय पाहिजे?’ असें एका घंटेवर विचारतां येत नाहीं. लहान घराचें मोल त्याच्या विचारण्यांत आहे. लहान घरहि जर विचारीत नसेल, तर तो लहानसा तुरुंगच होय.

कोणी म्हणेल, ज्याची स्मृति गेली त्यास काय विचारावें? तर त्याच्या आयुष्याच्या संवयी त्याच्या वतीनें बोलतात: तो पहांटे उठे, उंबऱ्यावर बसे, भाकर दुधांत कुसकरून खाई. पण हें सेवकांस सांगणार कोण? त्याचींच मुलें. म्हणून आईबापांस सेवागृहांत पोंचविल्यानें मुलांचें कर्तव्य संपत नाहीं. त्यांच्यासाठीं बोलण्याचें काम तेथून सुरू होतें.

उपदेशक बंधूंनो, यंदां कोयते निघण्यापूर्वीं मंडळींतील प्रत्येक वृद्धाच्या दारीं जा. हातांत कांहीं नसलें तरी चालेल. आधीं शेजारीं बसा, आणि विचारा. मग उत्तर ऐकेपर्यंत उठूं नका.