परदेशातला वानप्रस्थ

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाले, मुले आपापल्या उद्योगाला लागली. आता उरलेले आयुष्य कोठे काढावे? हा प्रश्न जुनाच आहे. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाकडे वळावे, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आज इंग्लंड-अमेरिकेतले पुष्कळ पेन्शनवाले वनाऐवजी एखाद्या उष्ण देशाची वाट धरतात. आपली मराठी माणसेही त्या देशांत म्हातारी होत आहेत, म्हणून या गोष्टीचा विचार करू. उदाहरणाला थायलंड देश घेऊ.

प्रथम पूर्वपक्ष. तिकडच्या थंडीने म्हाताऱ्याचे सांधे धरतात. इकडे चियांग माई शहरी हिवाळाही सुखाचा. तिकडे जे पेन्शन भाडे आणि घर उबदार ठेवणे यांतच सरते, त्यात इकडे भाडे, जेवण भागून कामाला माणूसही ठेवता येतो. मोठ्या शहरांतून इस्पितळे चांगली. सरकारचा नियमही सरळ आहे: वय ५० पूर्ण असावे आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवावे, किंवा महिना ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे. ही कारणे काही खोटी नाहीत हो! देह आहे तोवर देहाचे दुखणे आहे. त्याला कोणी हसू नये.

आता दुसरी बाजू. ही परवानगी वर्षावर्षाची असते, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. सामान्यतः परक्याच्या नावे जमीन होत नाही. इंग्लंडचे सरकारी पेन्शन तिथे राहणाऱ्याला दरसाल वाढवून मिळत नाही. आकडा गोठतो, बाजारभाव मात्र गोठत नाही. अमेरिकेतल्या वृद्धांना मेडिकेअरचा आधार असतो, तोही देशाबाहेर जवळजवळ संपतो. म्हणजे पासष्टाव्या वर्षी जे स्वस्त वाटले, ते ऐंशीव्या वर्षी, अंथरुणाला खिळल्यावर, भारी पडू शकते.

पण हा झाला हिशेब. खरी शंका निराळीच आहे. आपण तिथे जातो ते पाहुणे म्हणून, की गिऱ्हाईक म्हणून?

थाई भाषेत ‘कतन्यू’ असा एक शब्द आहे. तो पालीतून गेलेला आपला ‘कृतज्ञ’च. आईबापांनी वाढवले, म्हणून म्हातारपणी त्यांना सांभाळायचे, हा त्या शब्दाचा तिथल्या घरातला अर्थ. आता पाहा, परदेशी वृद्धाला आंघोळ घालणारी बाई महिन्याचा पगार घेऊन येते. तिचीही आई कुठे खेड्यात असेल. तिचे हात विकत मिळतात, तिची कतन्यू विकत मिळत नाही. ती तिच्या आईची आहे. यात पगार देणे पाप नव्हे. पण पैसे दिले म्हणजे ऋण फिटले, असे ज्याला वाटले, तो त्या देशात वीस वर्षे राहूनही बाजारातच उभा राहिला म्हणायचे.

कोणी म्हणेल, वानप्रस्थी तरी वनाला काय देत होता? ऐका. त्याच अध्यायात सांगितले आहे, की वनात राहणाऱ्यानेही आपल्या अन्नातून यथाशक्ति द्यावे, आणि आश्रमात आलेल्याचा पाणी, कंद, मुळे, फळे देऊन सत्कार करावा. घर सुटले, देणे सुटले नाही. वनवास काटकसरीसाठी नव्हता. घेणे कमी व्हावे यासाठी होता.

म्हणून ज्याला जायचे त्याने खुशाल जावे. मात्र तिथली भाषा शिकावी, निदान शेजाऱ्याची विचारपूस करण्यापुरती. कामाच्या बाईला तिच्या आईचे दुखणेखुपणे विचारावे, आणि आईकडे जायला सुट्टी मागितली तर पगार न कापता द्यावी. आणि आपल्या मागे जे वृद्ध आईबाप, जे मित्र राहिले, त्यांना स्वस्ताईच्या आनंदात विसरू नये. एवढे ज्याला साधेल, त्याला तो परदेश परका राहणार नाही. ज्याला साधणार नाही, त्याला आपले गावही धर्मशाळेसारखेच आहे.