जीर्णोद्धार आणि सत्य

जुन्या वास्तूंचें जतन करावें याविषयीं सुशिक्षितांत मतभेद सांपडणार नाहीं. परंतु जतन म्हणजे नेमकें काय करावयाचें, असा प्रश्न केला कीं ही एकवाक्यता संपते. पडूं लागलेली भिंत तशीच राखावी, कीं नव्यानें बांधावी? आणि नव्यानें बांधल्यावर तिला जुनी म्हणण्याचा अधिकार आपणांस उरतो काय? हा प्रश्न केवळ गवंड्याचा किंवा पुराणवस्तुसंशोधकाचा नसून नीतीचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

आपली दृष्टि वेरूळ-अजिंठ्याच्या पाषाणास सरावलेली. वास्तूचें वय म्हणजे दगडाचें वय, असें आपण धरून चालतों. चीनमधील बहुतेक प्राचीन मंदिरें व प्रासाद लांकडी असल्यामुळें तेथें हें माप लागू पडत नाहीं. बीजिंगचा राजवाडा १४०६ ते १४२० या काळांत उभा राहिला; परंतु त्यांतील मुख्य दरबारमहाल वारंवार अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला, आणि आज दिसतो तो सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला आहे. मात्र जागा तीच आणि लांकूड सांधण्याची परंपराहि तीच. वूहान येथील 'पीतक्रौंच' मनोऱ्याची गोष्ट याहून निराळी. तो १८८४ सालीं जळाला. १९८५ सालीं पुरा झालेला आजचा मनोरा काँक्रीटचा असून मूळ जागेपासून दूर उभा आहे. पहिल्यास जुना म्हणण्यास मन तयार होतें, दुसऱ्याविषयीं कचरतें. तथापि हा मनोरा आपलें वय लपवीत नसेल, तर त्यास खोटा म्हणण्याचेंहि कारण आम्हांस दिसत नाहीं. दोष नव्या बांधणींत नाहीं, तो अन्यत्र आहे.

तो कोठें आहे, हें आमच्या रामटेकनेंच आम्हांस शिकविलें. नागपूरपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील त्या गडावर केवल-नरसिंहाचें वाकाटककालीन देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर भाविकांनीं चुन्याचे थर दिले. १९८० च्या दशकांत ते निघाले तेव्हां आंत पांचव्या शतकांतील शिलालेख दिसला. अक्षरें बरींच झिजलेलीं. परंतु अभ्यासकांनीं तो लेख राणी प्रभावतीगुप्तेच्या स्मृतीशीं जोडला असून, देवालयाच्या उभारणींत तिच्या कन्येचा हात त्यांस दिसतो. चुना लावणारांचा हेतु वाईट नव्हता; देवाचें घर उजळ दिसावें एवढीच त्यांची इच्छा. पण त्या उजळपणाखालीं एका मातेचें स्मरण झांकलें गेलें.

असाच प्रसंग चीनमध्येंहि घडला. तांग काळांतील एकहि लांकडी वास्तु त्या देशांत उरलेली नाहीं, असें कांहीं विद्वान् म्हणत असत. १९३७ सालीं ल्यांग स्सछंग आणि त्यांच्या पत्नी लिन हुईयिन हीं शान्सी प्रांतांतील फोक्वांग मंदिरांत पोंचलीं. उंच तुळयांवर धुळीच्या व रंगाच्या खालीं शाईचीं अक्षरें आहेत, हें लिनबाईंच्या नजरेस आलें. धुऊन पाहतां एका दात्री स्त्रीचें नांव निघालें. तेंच नांव समोरच्या अंगणांतील ८५७ सालच्या शिलास्तंभावर होतें. वास्तूचें वय ठरलें तें त्या नांवावरून.

यावर कोणी म्हणेल, 'भक्तास देव हवा, सनावळी नको.' तें आम्हांस मान्य आहे. जेथें नित्य पूजा चालते, तें देवालय संग्रहालयाप्रमाणें बंद ठेवतां येत नाहीं. रघूजी भोसल्यांनीं अठराव्या शतकांत रामटेकच्या मंदिरांचा जीर्णोद्धार केला, तोहि आज इतिहासच झाला आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, उद्धार करतांना जुन्याचें नांव पुसूं नये. झांकण्यापूर्वीं त्याची नोंद करावी, आणि जें नवीन तें नवीन म्हणून सांगावें. नागपुरांतील भोसल्यांचा राजवाडा १८६४ सालीं जळाला. उद्यां कोणी तो पुन्हां उभारूं म्हणेल, तर आमचा विरोध नाहीं. मात्र दारावरील शिळेवर दोन्हीं सनें असावींत.

हा उपदेश आम्ही निर्दोष राहून करीत नाहीं. आमच्या वडिलोपार्जित घराच्या माजघरांतील तुळईवर सुतारानें आपलें नांव आणि शक कोरला होता. घरांतील एका लग्नाच्या वेळीं आम्हीच सांगून तुळईस लांबी भरविली आणि वर तैलरंग देवविला. पाहुण्यांनीं घराची वाखाणणी केली. पुढें मुलांनीं विचारलें, 'हें घर बांधलें कोणीं?' तेव्हां तें नांव आम्हांस आठवेना. शकाचे शेवटचे दोन आंकडेहि आठवेनात. तुळई अजून भक्कम आहे. छपराचा भार ती पूर्ववत् वाहत आहे. परंतु ज्याच्या हातांनीं ती बसविली, त्याचें एवढेंसें ऋण आम्हांकडे होतें, आणि तें आम्ही रंगाखालीं बुडविलें.