हत्ती मोठा की फुलपाखरू?

नुकतंच पहिलीत गेलेल्या मुलाला विचारून पाहा, ‘हत्ती’ आणि ‘फुलपाखरू’ यांत मोठा शब्द कोणता? बरीच मुलं ‘हत्ती’ म्हणतील, तेही जराही न अडखळता. दोन अक्षरं, पाच अक्षरं हा हिशोब त्यांच्या गावीही नसतो. शब्द उच्चारला की त्यांच्यापुढे प्राणी उभा राहतो. मूल वाचनाच्या वाटेवर कुठवर आलंय, हे या उत्तरातून जितकं कळतं तितकं पाठ केलेल्या बाराखडीतून कळत नाही.

आणि आपण त्याला सांगतो, ‘दुसऱ्या शब्दाखाली रेघ मार.’ शब्द, अक्षर, ओळ हे सगळं त्याला नवं असतं. बोलताना शब्द सुटे होतात कुठे? ‘आईनेभाकरीकेली’ असंच कानावर पडतं. कागदावर शिरोरेषा तुटते तिथे शब्द संपतो, हे कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं.

न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांनी १९७२मध्ये ‘सँड’ नावाचं एक छोटंसं पुस्तक केलं. त्यात मुद्दामच कुठे चित्र उलटं, कुठे मजकूर उलटा छापलेला. ते मोठ्यांनी वाचायचं आणि मुलाला विचारत जायचं, कुठून सुरू करू? आता कुठे जाऊ? छापील पानाची रीत मुलाला कितपत उमगली आहे, ते त्यातून समजे.

देवनागरीत तर आणखी एक पेच आहे. डावीकडून उजवीकडे जायचं, हे जेमतेम अंगवळणी पडतं, तोच ‘दिवा’ समोर येतो. पहिली वेलांटी दिसते ‘द’च्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. मूल तिथे थबकतं, कारण आपणच शिकवलेला नियम ते प्रामाणिकपणे पाळत असतं. ‘घर’मधला ‘र’ अर्धवट सोडायचा आणि ‘रवा’मधला पुरा म्हणायचा, हेही आपण कधी सांगत नाही. सरावाने आपल्याला ते जाणवेनासं झालंय.

२०२१पासून निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट आहे. मिनिटाला किती शब्द वाचले, हे मोजलं जातं. मोजावंच. पण ज्या घरात पोथीवर फिरणारं आजीचं बोट नाही, पेपर नाही, गोष्टीचं पुस्तक नाही, तिथून आलेलं मूल शब्द म्हणजे काय इथेच अडलेलं असू शकतं. त्याला ‘मठ्ठ’ म्हणणं हा घोर अन्याय आहे.

यावरचे उपाय साधे आहेत. फु-ल-पा-ख-रू म्हणत पाच टाळ्या वाजवाव्यात. रोज ओळीखाली बोट फिरवत एक गोष्ट वाचावी. आणि मूल जे बोललं तेच त्याच्यादेखत लिहावं : ‘आमची शेळी व्याली.’ लिहिलेलं वाचून दाखवावं. ‘यात शेळी कुठंय?’ असं त्याने विचारलं, की त्या शब्दावर बोट ठेवावं. ‘श’ आणि ‘ळ’ गिरवणं त्यानंतर सुरू केलं तरी चालेल.