पाटोद्याची मंदी आणि राज्याची तिजोरी

राज्याच्या अर्थसंकल्पात मंदी महसुली तुटीच्या आकड्यात दिसते. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात ती उचलीच्या रकमेतून, आडतीतल्या भावातून आणि हाताला काम नसलेल्या दिवसांतून कळते. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा तालुका. मांजरा नदी इथे उगम पावते, पण तिचे पाणी साठते खाली केज तालुक्यातल्या धनेगावच्या धरणात. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, उडीद, सोयाबीन आणि कापूस यांवर वर्ष निघत नाही, म्हणून कर्ती माणसे ऊसतोडीला जातात. दसऱ्याला सावरगाव घाट येथे, भगवानबाबांच्या जन्मगावी, मेळावा भरतो. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे गाड्या निघू लागतात आणि गावात म्हातारी माणसे व लेकरे उरतात.

इथल्या मतदाराची काळजी समजायची तर ‘कोयता’ समजावा लागतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे उचल देतो आणि जोडपे ती ऊस तोडून फेडते. खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगामाअखेर फिटले नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. खरिपाचे बियाणे, लग्न आणि दवाखाना या उचलीवरच भागतात. म्हणजे उचल ही मजुरी आणि कर्ज दोन्ही असते. सोयाबीनचा भाव पडला की उचल मोठी घ्यावी लागते आणि मोठी उचल घेतली की पुढचा हंगामही बांधला जातो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, बाजारात मात्र माल त्याखाली विकला गेला. पाटोद्याच्या हिशेबात हीच मंदी.

या मंदीशी लढताना राज्य सरकारचे हात बरेच बांधलेले असतात. नोटा छापणे, व्याजदर ठरवणे, आयात-निर्यातीची धोरणे ही केंद्राची आणि रिझर्व्ह बँकेची कामे. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आल्यावर स्वतःच्या मर्जीने कर वाढवण्या-घटवण्याची राज्याची मुभाही आकसली. 2005 च्या वित्तीय शिस्तीच्या कायद्याने तुटीला मर्यादा घातली. परिणामी उत्पन्न घटले की राज्यही खर्च घटवते. लोकांना सरकारी पैशाची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो आटतो.

2020 मध्ये हे उघड दिसले. टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. त्यांना गावी परतण्याची परवानगी 17 एप्रिलला मिळाली. पुढच्याच महिन्यात, 4 मे रोजी, राज्याने विकासावरच्या खर्चाला 67 टक्के कात्री लावली आणि आरोग्यासारखी खाती वगळता नवी नोकरभरती थांबवली. त्या वर्षी राज्याचे उत्पन्न 8 टक्क्यांनी घटेल आणि शेती मात्र 11.7 टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज आर्थिक पाहणीने मांडला. शेतीच्या या वाढीतला वाटा कोरडवाहू तुकड्याच्या मालकाला किती आला, हे सरासरी सांगत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोडणीचा दर वाढला तो 14 टक्के. 2024 च्या जानेवारीत, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, तो 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. दोन करारांमध्ये महागाई आणि मजुरांची टंचाई यांचाही फरक होता, हे मान्य करूनही निवडणुकीचा वारा नजरेआड करता येत नाही.

तिजोरी जेव्हा उघडते तेव्हा तिचे दोन मार्ग ठरलेले आहेत: कर्जमाफी आणि रोख मदत. 2017 मध्ये दीड लाखापर्यंतचे आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचे निर्णय झाले. बँकेच्या वहीत नाव असलेल्याला त्यांचा आधार झाला. मुकादमाची उचल मात्र कोणत्याही बँकेच्या वहीत नसते, त्यामुळे कोणत्याही माफीत बसत नाही. पाटोद्यातल्या ज्या घराचे सर्वांत मोठे देणे उचलीचे आहे, त्याच्यापर्यंत कर्जमाफी पोहोचतच नाही.

रोख मदतीचे ठळक उदाहरण म्हणजे 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना. त्याच महिन्यात, 4 जूनला लागलेल्या लोकसभेच्या निकालात, मराठवाड्यातल्या आठपैकी फक्त एक जागा महायुतीला मिळाली होती. बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. त्या मतदानात आरक्षणाचा प्रश्न मोठा होता, म्हणून सारे श्रेय शेतमालाच्या भावाला देणे चूक ठरेल. तरी भावाची नाराजी खरी होती. 20 नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानापूर्वी पात्र महिलांच्या खात्यात दरमहा 1,500 प्रमाणे पाच महिन्यांचे 7,500 रुपये आले. महायुतीला मोठे बहुमत मिळाले आणि पाटोदा ज्या आष्टी मतदारसंघात येतो, तिथून सुरेश धस निवडून आले.

या मतदाराला ‘विकला गेला’ म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे. कोयत्याची उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाईच्या निम्म्या श्रमाचा वेगळा हिशेब नसतो. तिच्या स्वतःच्या खात्यात आलेले दीड हजार रुपये, म्हणूनच, आकड्यापेक्षा मोठे असतात. दोष योजनेच्या वेळापत्रकात आहे. 2020 च्या खडतर वर्षात अशी योजना आली नाही, ती आली निवडणुकीच्या वर्षात. पुढे 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटींवर गेली आणि प्रचारातले 2,100 रुपयांचे आश्वासन तिथे उतरले नाही.

मंदीच्या घड्याळावर चालणारी योजना महाराष्ट्राने एकदा करून दाखवली आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूर येथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मजुरांची संख्या सुमारे 50 लाखांपर्यंत गेली. पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याच्या त्या कामांनी मराठवाडा जगवला. 1975 मध्ये व्यवसाय कर लावून शहरातल्या पगारदारांकडून योजनेसाठी पैसा उभा केला गेला. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. या रचनेचे मर्म असे की काम मागणारे वाढले की खर्च आपोआप वाढतो आणि सुगी आली की आपोआप घटतो. त्यासाठी ना घोषणा लागते, ना मतदानाची तारीख.

मग आज पाटोद्याचा माणूस हमीचे काम सोडून ऊसतोडीला का जातो? 2024-25 मध्ये हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती, म्हणजे जोडप्याला 594. कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर 732 रुपये होतात, तेही पहाटेच्या थंडीपासून रात्री गाडी भरेपर्यंत राबून. फरक आहे, पण गाव सोडण्याइतका नाही. खरी तफावत वेळेची आहे: मुकादम काम सुरू होण्याआधी एकरकमी पैसे देतो, तर हमीची मजुरी हजेरीपट, मोजमाप आणि मंजुरी होऊन मग खात्यात येते. कायद्याने पंधरा दिवसांची मुदत घातली असली तरी अडलेल्या घराला तेवढेही थांबवत नाही.

म्हणून पाटोद्यासारख्या तालुक्यासाठी राज्याच्या धोरणाची कसोटी तीन प्रश्नांची आहे. गावाचे उत्पन्न घटते तेव्हा सरकारचा खर्च वाढतो की घटतो? काम मागितल्यावर ते दसऱ्याच्या आत मिळते का? आणि उचलीऐवजी कमी व्याजाचे कर्ज मजुराला गावातच मिळते का? कर्जमाफी आणि रोख रक्कम या तिन्ही प्रश्नांना बगल देतात, रोजगार हमी पहिल्याचे उत्तर देते आणि दुसऱ्यात अडखळते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून एकाही सरकारने दिलेले नाही, आणि गाड्या दरवर्षी दसऱ्यानंतर निघतातच.