वंशावळीत न आलेली माणसे

पवनार म्हटले की धाम नदी आणि विनोबांचा परंधाम आश्रम आठवतो. जाणकारांना वाकाटकही आठवतात, कारण त्यांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशींनी मांडले होते. इतक्या जुन्या गावातल्या एखाद्या शेतकरी घराने आपली वंशावळ काढायला घेतली, तर कागद मात्र बहुधा १८६०च्या दशकापाशी येऊन थांबतात. १८६१ साली मध्य प्रांत झाला, १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला, आणि त्याच दशकात जमिनीचा बंदोबस्त होऊन मालगुजार व रयत नावानिशी सरकारी दप्तरात बसले.

नेमके हेच दशक अमेरिकेच्या इतिहासातही निर्णायक आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी तिथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस त्या बंदरांतून येत असे. तो आटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव आधीपासून होतेच. वर्ध्याच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिणारे रिव्हेट-कार्नॅक हेच मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्तही होते. शेत कुणाच्या नावावर हे पाहणारा आणि त्या शेतातून कापूस किती निघेल हे पाहणारा अधिकारी एकच, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपल्या खापरपणजोबांचे नाव ज्या दप्तराने जपले, ते दप्तर त्यांच्यासाठी लिहिलेले नव्हते. ते साऱ्यासाठी आणि कापसासाठी लिहिलेले होते.

१८६५ला युद्ध संपले आणि चढलेले भाव कोसळले. १८६७ला रेल्वे नागपूरला पोहोचली. तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा भाव इथल्या बाजाराला कळू लागला. शेतकऱ्याला सारा रोख भरायचा होता, म्हणून भाव पडला तरी पऱ्हाटी सुटली नाही आणि सावकारही सुटला नाही. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. वंशावळीतली एखादी शाखा या सुमारास एकाएकी तुटते, कुणी गाव सोडलेले असते, कुणाचे शेत दुसऱ्याच्या नावावर चढलेले असते. अशा जागी ‘निर्वंश’ लिहून पुढे जाऊ नये. त्या वर्षीचा पाऊस, ज्वारीचा आणि कापसाचा भाव आणि शेतावरचे कर्ज यांची विचारपूस केल्याशिवाय ती शाखा कळत नाही.

अमेरिकेत कापूस वेचणाऱ्यांच्या घरी वंशावळीची काय अवस्था आहे? १८६० साली तिथे सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत त्यांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत मालकाच्या नावाखाली गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण लिहिले जाई. नाव जवळजवळ कधीच नसे. १८७०च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा सरसकट नावानिशी आली. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध आजही १८७०च्या भिंतीला धडकतो. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीनंतर हाती राहिले नाहीत. तरीही ही कुटुंबे थांबली नाहीत. मुक्त झालेल्यांसाठी निघालेल्या बँकेच्या वह्यांत खातेदाराचे आईबाप, भावंडे, जोडीदार यांची नावे लिहिलेली असत. ती त्यांनी धुंडाळली. विकल्या गेलेल्या आईचा, मुलाचा पत्ता विचारणाऱ्या जाहिराती मुक्त माणसांनी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत दिल्या होत्या. त्याही गोळा केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली इतकी हृदयद्रावक कागदपत्रे मला दुसरी माहीत नाहीत.

याच काळात, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. दोन्हीकडच्या राबणाऱ्या माणसांचे नाते पुण्यात बसून त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या वंशावळी मात्र ते नाते अजून ओळखत नाहीत.

शेतात राबणारा सालदार बंदोबस्ताच्या खात्यात कसा येणार? त्याच्या नावावर जमीनच नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाया तर कुठल्याच वहीत नाहीत. कोतवाल बुकात जन्माची नोंद सापडली, तरी बापाचे नाव आणि जात असते, मुलाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे मिळतात, पण यात्रेचा खर्च परवडणाऱ्यांची. ज्यांना तीर्थाच्या पुरोहिताकडे जागाच नव्हती, त्यांची कशी मिळणार? २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जुळवणे ही गरज आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण दाखला मिळाला की शोध संपतो. त्यातून बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेघ हाती उरते, आणि तिला आपण घराण्याचा इतिहास म्हणतो.

माझ्या मते तो इतिहास अर्धासुद्धा नाही. अमेरिकेतल्या त्या कुटुंबांनी मालकाच्या मृत्युपत्रांतून आणि विक्रीच्या कागदांतून आपली माणसे शोधली. आपल्याकडच्या जुन्या मालगुजारांच्या, सावकारांच्या घरी सालदारकीच्या, गहाणखताच्या वह्या अजून असतील. त्या रद्दीत घालू नका. राबणाऱ्यांची नावे सापडली तर तिथेच सापडतील. आणि आपल्या घराची वंशावळ लिहाल तेव्हा प्रत्येक सुनेचे माहेर, तिचे माहेरचे नाव आणि घरी वर्षानुवर्षे राबलेल्या सालदाराचे नावही लिहा. हे सांगू शकणारी नव्वदीतली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांना या दिवाळीतच विचारा.